उडदामाजी काळे-गोरे आणि हजार डॉलरचं ताट

पत्र: ताई, मी ५१ वर्षांचा, मूळचा लातूरजवळच्या एका खेड्यातला, बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. २०१९ मध्ये अमेरिकेचा नागरिक झालो. शपथ घेताना डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. २०२० ला कोविडमुळे टपालाने मत दिलं, २०२४ ला शाळेच्या जिममध्ये जाऊन. दोन्ही वेळा दगडापेक्षा वीट मऊ, एवढाच विचार. आता वीट आलाय. फोनवर रोज मेसेज: 'मध्यरात्रीपूर्वी २५ डॉलर द्या, नाहीतर लोकशाही संपली.' तिकडे एकटा अब्जाधीश २५ कोटी ओततो आणि इकडे माझ्याकडे २५ मागतात! मतपत्रिकेवर नोटा शोधला, तो नाही. यापुढे मत द्यायचंच नाही, फार तर तिसऱ्या पक्षाला, असं ठरवलंय. बायको म्हणते, मग नागरिकत्वाची फी कशाला भरलीत? दोन आठवडे घरात धुसफूस आहे. त्यात मंडळातल्या मित्राने एका काँग्रेसमनच्या (म्हणजे इथल्या खासदाराच्या) फंडरेझरचं, प्रचारासाठी पैसे जमवायच्या जेवणाचं, बोलावणं दिलंय. माणशी हजार डॉलर, फोटोसकट. 'आपला समाज दिसला पाहिजे' म्हणतो. जाऊ का?
— वैतागलेला एडिसनकर

उत्तर: वैतागलेले एडिसनकर,

ते 'मध्यरात्रीपूर्वी' वाले मेसेज मलाही येतात. चूक माझीच. २०१८ साली एका उमेदवाराला मोठ्या कौतुकाने दहा डॉलर दिले आणि माझा नंबर गावभर झाला. इथे प्रचारवाले देणगीदारांच्या याद्या एकमेकांना भाड्याने देतात. तुम्ही 'स्टॉप' लिहून पाठवलंत की तो एक गप्प बसतो आणि त्याचे चार मावसभाऊ सुरू होतात. परवा ओहायोतल्या कुणीतरी मला नावाने हाक मारून विचारलं, 'आम्हाला सोडून गेलीस का?' माझा सख्खा भाचाही इतक्या आर्ततेने चौकशी करत नाही.

तेव्हा तुमचा वैताग खोटा नाही, हे आधी मान्य. तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या प्रिन्स्टनमध्ये तेव्हा शिकवणारे मार्टिन गिलेन्स आणि नॉर्थवेस्टर्नचे बेंजामिन पेज यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास मांडला होता. १९८१ ते २००२ या काळातले १,७७९ धोरणप्रश्न घेऊन लोकांना काय हवं होतं आणि सरकारने काय केलं, हे त्यांनी ताडून पाहिलं. श्रीमंतांचं आणि संघटित गटांचं म्हणणं बाजूला काढलं की सामान्य माणसाच्या मताचा स्वतंत्र परिणाम जवळपास शून्य उरतो, असं त्यांना दिसलं. पुढे इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतला की बहुतेक प्रश्नांवर मध्यमवर्ग आणि श्रीमंत यांचं मत एकच असतं, त्यामुळे चित्र इतकं काळं नाही. ठीक. पण जिथे मतं फुटतात तिथे कुणाचं चालतं, हे शोधायला पीएचडी लागत नाही.

आता तुमचे २५ आणि त्यांचे २५ कोटी. फेडरल, म्हणजे देशपातळीवरच्या, निवडणुकीत एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी एका माणसाने किती द्यायचे याला मर्यादा आहे; २०२५-२६ साठी ती ३,५०० डॉलर. ही अब्जाधीशालाही लागू आहे. मग कोट्यवधी येतात कुठून? १९७६ च्या बकली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उमेदवाराच्या हातात द्यायच्या पैशाला मर्यादा घालता येते, पण कुणी स्वतंत्रपणे खर्च करत असेल तर तो भाषणस्वातंत्र्याचा भाग. २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी तीच मोकळीक कंपन्यांना आणि कामगार संघटनांना मिळाली, आणि त्याच वर्षी खालच्या न्यायालयातल्या दुसऱ्या एका निकालातून सुपर पॅक, म्हणजे हवा तेवढा पैसा जमवून प्रचारावर खर्च करणारे गट, जन्माला आले. अट एवढीच की उमेदवाराशी संगनमत नको. म्हणजे बघा, मी तुमच्या मुलीच्या लग्नात आहेर ३,५०० चाच करणार. फक्त मांडव, जेवणावळ आणि बँड माझ्या खर्चाने, आणि कुणी विचारलं तर आपली ओळख नाही.

एवढं असूनही पैसा टाकला की मत पडतं असं नाही, हे मात्र तुम्ही रागाच्या भरात विसरताय. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदारच जी आधी निवडणूक करतात तिच्यात) स्वतःचे जवळपास १०० कोटी डॉलर घातले आणि जिंकलं काय, तर अमेरिकन समोआ. नकाशात शोधावं लागतं. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या प्रचाराने १०० कोटींहून जास्त जमवले, हरल्या. इलॉन मस्क यांनी त्याच वर्षी ट्रम्प यांच्यासाठी २५ कोटींहून अधिक ओतले आणि ट्रम्प जिंकले, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनच्या न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत मस्क आणि त्यांच्या गटांनी दोन कोटींच्या वर खर्च केला, दहा-दहा लाखांचे चेक वाटले, तरी त्यांचा उमेदवार दहा टक्क्यांनी पडला. लक्ष्मीदर्शन घेऊन मत भलत्यालाच देणारे आपल्या गावाकडेच असतात असं थोडंच आहे!

पैसा खरा काम करतो तो आधी, कोण उभं राहणार आणि कोण कशाला घाबरणार हे ठरवताना. २०२४ मध्ये क्रिप्टो कंपन्यांच्या सुपर पॅकने ओहायोत सिनेटर शेरॉड ब्राउन यांच्याविरुद्ध सुमारे चार कोटी डॉलर खर्च केले. जाहिरातींत क्रिप्टोचं नावही नव्हतं. ब्राउन पडले. पण मुद्दा ब्राउन यांचा नाही. उरलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं, आणि पुढच्या वेळी क्रिप्टोचं विधेयक समोर आलं की त्यांना ओहायो आठवणार. त्यासाठी एक डॉलरही वेगळा खर्च करावा लागत नाही.

आता थोडं आपल्या घरातलं बोलते, रागावू नका. श्री ठाणेदार. बेळगावचा मराठी मुलगा अमेरिकेत येतो, उद्योग उभारतो, काँग्रेसमध्ये जातो. २०२३ च्या जानेवारीत त्यांनी शपथ घेतली तेव्हा आपल्याकडे किती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढे वाटले गेले! मीही वाटले. पण हिशेब बघा. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत त्यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर लावले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात पुन्हा स्वतःचे लाखो डॉलर, समोर आठ उमेदवार, मतांची फाटाफूट, आणि ते २८ टक्क्यांवर जिंकले. दहातल्या सात मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. काळ्या लोकांची बहुसंख्या असलेल्या त्या शहराला कित्येक दशकांत पहिल्यांदाच काळा काँग्रेसमन उरला नाही. ठाणेदारांनी नियम मोडला नाही, स्वतःच्या घामाचा पैसा लावला. मला फक्त एवढंच वाटतं की हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर आपण त्याला 'धनदांडगा' म्हटलं असतं. आपला माणूस असला की आपल्या तोंडून तो शब्द निघत नाही.

यावरूनच तुमच्या मित्राच्या आमंत्रणाकडे येते. मी गेलेय अशा जेवणाला. तेव्हा ५०० डॉलर होते. बँक्वेट हॉलच्या दारात क्लिपबोर्ड घेतलेली मुलगी, गळ्यात अडकवायला नावाचा बिल्ला, कोमट पनीर टिक्का. पुढच्या दोन टेबलांवर हॉटेलवाले, डॉक्टर, बिल्डर. आम्ही मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी. फोटोच्या रांगेत पंचवीस मिनिटं उभी राहिले, कारण मला एक प्रश्न विचारायचा होता: ग्रीन कार्डाच्या रांगेत अडकलेल्या भारतीयांचं काय, कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही ही अट कधी जाणार? माझी पाळी आली. प्रश्नाचं पहिलं वाक्य संपायच्या आत 'ग्रेट क्वेश्चन' आलं, फ्लॅश पडला आणि एका हाताने मला हलकेच डावीकडे सरकवलं. फोटो आठवड्याने ईमेलवर आला. मी डोळे मिटलेली. नवऱ्याने तो अजून जपून ठेवलाय.

तर जा किंवा जाऊ नका, पण काही गोष्टी आधी माहीत असू द्या. तुमचा मित्र समाजासाठी धावपळ करतोय हे खरं असेलही, पण त्याच्या शब्दावर किती चेक जमा झाले याची नोंद तिकडे कुणीतरी त्याच्या नावापुढे करत असतं. तिथे समाज दिसतो की मित्र दिसतो, हे तुम्ही ताडा. चेक स्वतःच्याच पैशाचा असू द्या. 'तू तुझ्या नावाने भर, मी तुला मागून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. मुंबईत जन्मलेले लेखक दिनेश डिसूझा यांनी दुसऱ्यांच्या नावांवर २०,००० डॉलर दिले म्हणून २०१४ मध्ये त्यांना गुन्हा कबूल करावा लागला. पुढे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. तुम्हाला कुणी देणार नाही. एच-वन किंवा व्हिजिटर व्हिसावरच्या नातेवाइकांच्या नावाने तर एक डॉलरही चालत नाही. ग्रीन कार्ड असेल तर चालतो. आणि २०० डॉलरच्या वर गेलात की तुमचं नाव, गाव, नोकरी-धंदा निवडणूक आयोगाच्या साइटवर झळकतं, तुमच्या बॉससकट कुणालाही दिसेल असं. एकदा रात्री झोप येईना म्हणून मी ओळखीची नावं टाकून पाहत बसले होते. दर दिवाळीला एका पक्षाला शिव्या घालणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी दोन्ही पक्षांना दिलेले निघाले. तेव्हापासून त्यांच्या शिव्या मी मनावर घेत नाही.

हजार डॉलर खिशाला जड नसतील आणि विचारायला एकच नेमका प्रश्न असेल तर जा. पनीरसाठी जाऊ नका.

आता मत न देण्याचं. तुम्ही लातूरकडचे, तेव्हा २०१९ ची लातूर ग्रामीणची विधानसभा आठवत असेल. नोटा दुसऱ्या क्रमांकावर, २७,५०० मतं! पेपरांत बातमी झाली, चर्चा झाली, आणि ज्याला यायचं होतं तो लाखाच्या वर मतांनी आला. इथे नेवाडा राज्य सोडलं तर नोटाची तेवढीही सोय नाही. घरी बसलात तर ते निषेध म्हणून कुणाला दिसतही नाही. तुम्ही कुणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण मतदानाला गेलात की नाही याची नोंद उघड असते आणि प्रचारवाले ती विकत घेऊन बसलेले असतात. जो येत नाही त्याचं दार ते वाजवत नाहीत. तुमचा राग यादीतून गळालेलं एक नाव होऊन जातो, बस.

तिसरा पक्ष? १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळपास १९ टक्के मतं पडली, म्हणजे दर पाचातला एक मतदार, आणि राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्षात ज्यांच्या मतांनी ठरतो त्या इलेक्टोरल कॉलेजचं मत एकही नाही. (आणि ते स्वतः अब्जाधीश होते, हे तुमच्या वैतागात कुठे बसतं बघा.) २००० मध्ये फ्लोरिडात तिसऱ्या पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं गेली आणि डेमोक्रॅट गोर यांच्यापुढे बुश ५३७ मतांनी जिंकले. न्यू जर्सीत राष्ट्राध्यक्षपदाला १९९२ पासून डेमोक्रॅटच जिंकत आलाय, तेव्हा तिथे तुमचं तिसरं मत आभाळ कोसळवणार नाही. मात्र २०२४ मध्ये अंतर सहा टक्क्यांच्या आत आलं होतं, हेही ध्यानात ठेवा. मन हलकं होत असेल तर द्या. त्यातून काही बदलेल ही आशा मात्र नको. एका जागेवर एकच निवडून येणार आणि ज्याला जास्त मतं तो जिंकणार, अशी पद्धत असली की तिसऱ्याची गळचेपी होतेच. काँग्रेससाठी एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी, हे १९६७ च्या कायद्यानेच बांधून टाकलंय.

तुम्ही म्हणाल, भारतातही तीच पद्धत, मग तिथे पक्षांचं पेव कसं? माझं उत्तर ऐका, पटलं तर घ्या. तिकडे तिकीट वरून येतं. मुंबई, दिल्ली, हायकमांड. ज्याला मिळालं नाही तो रुसतो, बंडखोरी करतो, नवा पक्ष काढतो किंवा असलेला फोडतो. आपल्या महाराष्ट्राने २०२२ पासून एकाचे दोन कसे होतात हे दोनदा पाहिलं. इथे तिकीट प्रायमरीत मतदार ठरवतात. पक्ष तुम्हाला 'उभा राहू नकोस' म्हणू शकत नाही. त्यामुळे रुसलेला माणूस बाहेर जाऊन नवं घर बांधत नाही, जुन्याच घरात शिरून खाटेवर ताबा मिळवतो. डोनाल्ड ट्रम्प १९९९ मध्ये पेरोंच्या रिफॉर्म पक्षात गेले होते, तिथे काही जमलं नाही. २०१६ मध्ये त्यांनी अख्खा रिपब्लिकन पक्षच घेतला. बर्नी सँडर्स सिनेटमध्ये अपक्ष आहेत, पण राष्ट्राध्यक्षपदासाठी दोनदा लढले ते डेमोक्रॅटिक प्रायमरीत. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी २०२५ च्या जूनमध्ये झोहरान ममदानींनी माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंना हरवलं, तेही प्रायमरीतच, कुओमोंच्या पाठीशी अब्जाधीशांच्या पैशाचा सुपर पॅक असताना. तिथे लहान देणगीला शहर आठपट जोड देतं आणि मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहिता येतो, याची त्यांना मदत झाली. तुम्हाला हवा असलेला तिसरा पक्ष जूनमध्ये भेटतो, एडिसनकर. तुम्ही नोव्हेंबरात शोधताय.

आपल्या न्यू जर्सीत हेही फार काळ सरळ नव्हतं. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर 'काउंटी लाइन' नावाची भानगड होती, २१ पैकी १९ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं). काउंटीच्या पक्षाने ज्यांना पसंत केलं ते सगळे, सिनेटरपासून गल्लीपर्यंत, एका ओळीत ताठ उभे. बाकीचे दूर कोपऱ्यात, मध्ये मोकळे चौकोन सोडून, पंगतीत उशिरा आलेल्याला खांबामागे बसवतात तसे. मतदार ओळीवरून बोट फिरवायचा आणि घरी जायचा. २०२३ मध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरात सोन्याच्या विटा आणि रोकड सापडल्याचं आरोपपत्रातून बाहेर आलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागेसाठी काँग्रेसमन अँडी किम उभे राहिले. समोर आल्या तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी, ज्यांनी एकही निवडणूक लढवलेली नव्हती, पण मोठ्या काउंट्यांचे पक्षप्रमुख पटापट त्यांच्यामागे गेले. किम न्यायालयात गेले. २९ मार्च २०२४ ला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या प्रायमरीपुरती ती ओळ थांबवली. टॅमी मर्फी त्याच्या पाच दिवस आधीच बाजूला झाल्या होत्या. २०२५ मध्ये कायदाच बदलला.

पण मला त्यातली एक लहानशी गोष्ट सगळ्यात आवडते. निकालाच्या आधी, फेब्रुवारीत, मॉनमथ काउंटीच्या डेमोक्रॅटिक कमिटीची बैठक झाली. मॉनमथ म्हणजे मर्फी दांपत्याची स्वतःची काउंटी. तिथे प्रमुखाने परस्पर नाव जाहीर केलं नाही, कमिटीच्या सभासदांनी गुप्त मतदान केलं. किम जिंकले. शिक्षिका, निवृत्त पोस्टमन, विमा विकणारे अशी ही माणसं असतात. गव्हर्नरच्या घरच्या अंगणात त्यांनी गव्हर्नरच्या पत्नीला 'नको' म्हटलं, आणि तिथून वारं फिरलं.

तुमच्या गल्लीलाही अशी कमिटीची जागा आहे. तुमचं मतदान ज्या केंद्रावर होतं त्या काही शे-हजार घरांपुरती. कित्येक ठिकाणी ती रिकामी असते, किंवा कुणीतरी वीस वर्षं बिनविरोध बसलेलं असतं. पगार नाही, मान नाही, हजार डॉलरचं ताटही नाही. निवडणूक जूनच्या प्रायमरीत, जिथे पाचातला एकजण मताला आला तरी खूप म्हणायचं. ओळखीची चाळीस घरं पिंजलीत तरी बाजी फिरू शकते, आणि तिथे कुठला अब्जाधीश पैसे टाकायला येत नाही, कारण त्याला ती जागा आहे हेच माहीत नसतं.

त्यासाठी एका पक्षात नाव नोंदवावं लागेल, आणि तुमच्या वैतागावरून दिसतंय की तुम्हाला दोघांचंही कुंकू लावायचं नाही. अहो, इथली पक्षनोंदणी म्हणजे लग्न नव्हे. वर्गणी नाही, शपथ नाही, कुणी हाकलूनही देत नाही; एका फॉर्मवर खूण करायची आणि पटलं नाही तर पुढच्या वर्षी बदलायची. नुसतं मत द्यायचं असेल तर त्याहून सोपं: कुठल्याच पक्षात नसलेला मतदार आपल्या राज्यात प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगून मत देऊ शकतो. कोणता पक्ष, ते मी सांगणार नाही. उडदामाजी काळे-गोरे असतीलच, पण निवडायला बसल्याशिवाय खडे दिसत नाहीत.

कमिटीच्या उमेदवारीचा फॉर्म टाउनशिपच्या क्लर्ककडे मिळतो, भरून द्यायची मुदत साधारण मार्चअखेर असते. शेजारपाजारच्या मतदारांच्या थोड्या सह्या लागतात. पहिली सही वहिनींकडे मागा. दोन आठवडे त्या काय बोलत होत्या हे तुम्ही ऐकलंत की नाही, ते त्या पेन उचलतात की नाही यावरून कळेल.